वैतरणेवर उभे राहणे

गेल्या महिन्यात या सदरातून आम्ही थंडीच्या दिवसांतील आहाराविषयी चार शब्द लिहिले होते, आणि या खेपेस व्यायामाविषयी लिहू असे वचन दिले होते. ते वचन आम्ही पाळीत आहोत. मात्र ज्या व्यायामाविषयी लिहावयाचे तो आम्ही स्वतःच, वयाची साठी उलटल्यावर, करून पाहिला; आणि तो करिताना जे घडले ते नुसत्या व्यायामाच्या सदरात बसणारे नाही. म्हणून हा लेख थोडा आडवळणाने जाईल. वाचकांनी तेवढे सांभाळून घ्यावे.

आमचे बिऱ्हाड पालघरास. शिक्षकीतून निवृत्त झाल्यापासून आमचा दिवस वाचन, लेखन आणि वृद्ध मातुःश्रींची सेवा यांत जातो. आमच्या वडील बहिणीचा मुलगा बोईसरला एका कारखान्यात इंजिनिअर आहे. सुटी मिळाली की तो आमच्याकडे येतो, आणि येताना काही ना काही नवे खूळ बरोबर आणतो. मार्गशीर्षातील एका शनिवारी सायंकाळी तो दोन मोठ्या थैल्या घेऊन दाराशी उतरला. एका थैलीतून त्याने रबरासारख्या कापडाची गुंडाळी काढली, ती ओसरीवर उलगडली आणि पंपाने तीत वारा भरू लागला. पाव तासात त्या गुंडाळीची साडेदहा फूट लांब, अडीच फुटांहून किंचित अधिक रुंद व सहा इंच जाड अशी टणक फळी झाली. मातुःश्री जपाची माळ घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "हा काय रे, पंगतीचा पाट?"

"नाही आजी. हिच्यावर उभे राहून नदीत वल्हे मारायचे."

"कोठल्या नदीत?"

"वैतरणेत. उद्या मामांनाही नेणार आहे."

माळ थांबली. "उद्या अमावास्या आहे. अमावास्येला पाण्यावर जाऊ नये. आणि वैतरणेवर तर मुळीच नाही."

आम्ही मामा-भाचे दोघेही हसलो. सुशिक्षित माणसाने अशा वेळी हसावे असा एक प्रघातच पडून गेला आहे. ते हसणे दुसऱ्या दिवशी आम्हांस कसे भोवले, ते पुढे येईलच.

मातुःश्रींच्या त्या शब्दांमागे काय होते हे आमच्या बहुतेक वाचकांस सांगावयास नको. आपल्या घरांतून वैतरणेचे नाव निघते ते एकाच प्रसंगी. गरुडपुराणात यमलोकाच्या वाटेवर वैतरणी नदी सांगितली आहे. ती तरून जाण्यासाठी मृत्यूसमयी वा उत्तरकार्यात गोदान करावयाचे, आणि त्या गाईच्या शेपटाला धरून जीवाने पैलतीर गाठावयाचा. अकरा वर्षांपूर्वी आमचे वडील गेले तेव्हा हे दान झाले. तिसऱ्या मजल्यावर गाय कोठून आणणार? गुरुजींनी सांगितलेले मूल्य पाकिटात घालून दिले, आणि मातुःश्रींनी स्वतः उदक सोडले. त्याच दिवशी त्यांनी आपल्या वेळेसाठीही तेवढीच रक्कम एका डब्यात घालून देवघरात ठेविली. तो डबा आजवर तेथेच होता. पालघरपासून दोन स्टेशनांपलीकडे त्याच नावाची खरी नदी वाहते, तिच्यावरून आगगाडीने आपण शेकडो वेळा गेलो आहोत, हे मातुःश्रींस ठाऊक होते. परंतु ती नदी म्हणजे जिच्यावर कोणी मौजेखातर जाऊन उभे राहावे असे पाणी, हा विचार त्यांस सोसवेना.

आता ही फळी म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. इंग्रजीत हिला पॅडलबोर्ड म्हणतात. होडीत उभे राहून वल्हे किंवा काठी मारण्याची रीत पृथ्वीवर फार जुनी आहे. परंतु हा खेळ आजच्या स्वरूपास आला तो हवाई बेटांत. तेथे वायकीकीच्या किनाऱ्यावर लाटांवर स्वार होणे शिकविणारे लोक गेल्या शतकाच्या मध्यास फळीवर उभे राहून वल्हे चालवीत असत. पुढे १९९० नंतरच्या काळात लेअर्ड हॅमिल्टन व डेव्ह कलामा या तेथल्याच दोघा नामांकित लाटस्वारांनी ती रीत पुन्हा उचलली, आणि पाहता पाहता ती जगभर गेली. आपल्या देशातही ती आता रुजली आहे. २०२४ च्या मार्च महिन्यात मंगळूरजवळ सशिहित्लूच्या किनाऱ्यावर या खेळाच्या आंतरराष्ट्रीय शर्यती झाल्या.

वारा भरलेली पिशवी माणसाच्या भाराने मध्येच वाकत कशी नाही, हा प्रश्न आम्हांसही पडला होता. भाच्याने त्यातील मर्म सांगितले. फळीच्या वरच्या व खालच्या कापडास आतून हजारो धाग्यांनी एकमेकांशी बांधलेले असते. वारा दाबून भरला की दोन्ही पदर फुगू पाहतात, परंतु धागे त्यांस ठराविक अंतरापलीकडे जाऊ देत नाहीत. त्यामुळे गोल फुगा न होता सपाट व ताठ फळी होते. मोटारीच्या चाकात जितका दाब असतो त्याच्या जवळपास निम्मा हिच्यात भरावा लागतो. सारे वजन दहा किलोच्या आसपास. म्हणजे मध्यम वयाच्या गृहिणीसही ती काखेत मारून नेता यावी.

व्यायाम म्हणून पाहता तिचे गुण खरोखर वाखाणण्याजोगे आहेत. आरंभी गुडघ्यांवर बसून वल्हवावे. पाण्याचा अदमास आला म्हणजे एकेक पाऊल टेकवून उभे राहावे. पावले खांद्यांइतकी दूर, गुडघे किंचित सैल, आणि दृष्टी पायांशी न ठेविता समोरच्या काठावर. पायांकडे पाहिले की माणूस पडलाच म्हणून समजावे. वल्हे आपल्या उंचीहून वीतभर अधिक असावे. ते ओढावयाचे ते नुसत्या दंडांनी नव्हे, तर कमरेपासून सबंध धड वळवून. अर्ध्या घटकेत तळपाय, पोटऱ्या, पोट, पाठ ही सारी कामाला लागतात, आणि तरीही धाप लागत नाही. पडावयाचे झालेच तर फळीवर न आदळता बाजूच्या पाण्यात पडावे. हे शेवटचे आम्ही पाच वेळा केले, म्हणून अधिकाराने सांगत आहोत.

खेळ करावयाचा तर बोईसरहून वैतरणेपर्यंत जावयाचे कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सुखावह नाही. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीने या भागातील सहस्रावधी कुटुंबांस अन्न दिले, आमच्या भाच्यासही दिले. पण त्या परिसरातील नाल्यांचे व खाड्यांचे पाणी मात्र तिने खराब केले. तेथल्या मच्छीमारांच्या मांगेला समाजाची परिषद हे गाऱ्हाणे घेऊन राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेली, आणि २०२२ साली न्यायाधिकरणाने प्रदूषणाचा दोष कारखान्यांकडे ठेवून भरपाईचा निकाल दिला. जे पाणी शांत दिसते ते सारेच अंगाला लावण्याजोगे नसते. म्हणून भाच्याने वैतरणा निवडली.

आणि निवड करावी अशीच ही नदी आहे. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरांत, गोदावरीच्या उगमापासून जवळच, ती उगम पावते. गोदावरी पूर्वेस निघून अर्धा देश ओलांडते. ही पश्चिमेस वळून सुमारे दीडशे किलोमीटरांत अर्नाळ्यापाशी सागरास मिळते. वाटेत पिंजाळ, सूर्या, तानसा या नद्या तिला येऊन मिळतात. सफाळ्याजवळच्या तांदुळवाडीच्या किल्ल्यावर चढले म्हणजे सूर्या व वैतरणा यांचा संगम आणि खालची वळणे एका दृष्टीत येतात. मुंबईकर वाचकांस तर ती परकी नाहीच: १९५७ सालचे मोडकसागर, १९७३ सालचे ऊर्ध्व वैतरणा आणि २०१४ सालचे मध्य वैतरणा ही तिन्ही धरणे हिच्यावरचीच, म्हणजे मुंबईतील कित्येक घरांच्या देव्हाऱ्यातील कलशात पाणी असते ते हिचेच.

इतिहासाची तर हिला दाटी आहे. हिच्या मुखाच्या दक्षिणेस थोड्या अंतरावर सोपारे, म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तेथे सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले, आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथला स्तूप उकरून काढिला. नदीच्या मुखाशी बेटावर अर्नाळ्याचा किल्ला. तो मराठ्यांनी १७३७ साली पोर्तुगीजांकडून घेतला. चिमाजी अप्पांच्या त्याच मोहिमेत १७३९ च्या जानेवारीत माहीम, केळवे व तारापूर पडले, तारापूरच्या वेढ्यात बाजी भिवराव रेठरेकर कामास आले, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई सर झाली. आगगाडी येण्यापूर्वी भरतीच्या पाण्याबरोबर व्यापाराची गलबते या नदीतून थेट मनोरपर्यंत जात असत. "भरतीच्या पाण्याबरोबर" हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावे. आम्ही ते पुस्तकात अनेकदा वाचले होते, परंतु त्यांचा अर्थ आम्हांस कळला नव्हता.

असो. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास आम्ही सफाळ्याच्या बाजूने नदीकाठी पोहोचलो. दोन फळ्या, दोन वल्ही, दोघांच्या अंगात लाइफ जॅकेट, आणि फळी निसटू नये म्हणून तिची दोरी घोट्याला बांधलेली. आम्ही लहानपणी कोकणात विहिरीत पोहावयास शिकलो होतो, तेवढीच आमची पुंजी. पाणी चढत होते, परंतु इतके हळू की ते चढते आहे हे काठावरचे दगड एकामागून एक दिसेनासे होत गेले म्हणूनच कळावे. बाराच्या पुढे तर ते अगदी थांबले. दोन्ही काठांच्या खारफुटीची हिरवी झाडी पाण्यात उलटी दिसत होती. तांदुळवाडीचा डोंगरही तसाच उलटा. बगळे निश्चल. आम्ही पाच वेळा पडून सहाव्या वेळी उभे राहिलो, आणि उभे राहिलोच. साठ वर्षे आपण नदीकडे काठावरून पाहिले, पुलावरून पाहिले, घाटाच्या पायरीवरून ओंजळभर घेतले. परंतु तिच्या मध्यावर स्वतःच्या दोन पायांवर उभे राहून तिच्याकडे पाहणे काही वेगळेच. पायांखाली फळी आहे हेही काही वेळाने मनातून गेले. असे वाटले की, हीच जर वैतरणी असेल, तर तिला भिण्याचे कारण काय?

त्या विचाराच्या सुखात आम्ही अर्धा तास अधिक घालविला, आणि तीच चूक झाली.

परतावे म्हणून वल्हे मारू लागलो तो काठावरचे झाड जेथल्या तेथे. अधिक जोराने मारले. झाड पुढे जाऊ लागले, म्हणजे आम्ही मागे जात होतो. ओहोटी लागली होती. समुद्रावरून दुपारचा वारा सुटला होता, आणि उतरते पाणी व चढता वारा यांच्या झटापटीत तासापूर्वीचे आरशासारखे पाणी खडबडीत झाले होते. उभे राहणे अशक्य झाले. गुडघ्यांवर बसलो, मग पालथे पडलो. नदीच्या खालच्या अंगास रेल्वेचे पूल आहेत. मघाशी दूर दिसणारे त्यांचे खांब आता मोजता येऊ लागले. खांबांपाशी पाणी दुभंगून फेसाळत होते. भाचा, जो एरवी सदा हसतो, तो हसत नव्हता. तो ओरडला, "मामा, घोट्याची दोरी सोडा!"

ही दोरी सोडावयाची कशासाठी, हे तेव्हा आम्हांस कळेना, पुढे कळले. वाहत्या पाण्यात फळी खांबाच्या एका बाजूने व माणूस दुसऱ्या बाजूने गेला, म्हणजे मधली दोरी खांबाला अडकते आणि प्रवाह माणसास पाण्याखाली दाबून धरतो. वाकून घोट्यापर्यंत हात नेणे त्या स्थितीत शक्य नसते. म्हणून ओढ असलेल्या पाण्यात दोरी घोट्याला न बांधता कमरेच्या पट्ट्यास लाविलेली, आणि एका हिसड्यात सुटणारी असावी लागते. आमच्या दोऱ्या तशा नव्हत्या. संथ तळ्यासाठी जे पुरेसे, ते आम्ही समुद्राशी जोडलेल्या नदीसाठी पुरेसे मानले होते.

आमच्या दैवाने त्या वेळी एक होडी इंजिनाचा आवाज करीत आडवी आली. तीत सत्तरीच्या घरातील एक नाखवा व त्याचा नातू. त्याने काही न विचारता दोर फेकला, आम्हांस एकेक करून वर घेतले, फळ्या काठाला बांधल्या, आणि होडी प्रवाहाच्या तोंडाला लावून मगच बोलला.

"मास्तर दिसता. घरात पंचांग हाय का नाही?"

आम्ही सांगितले, आहे.

"मग आज आवस, उधाणाचा दिवस, हे दिसलं नाही?"

पंचांग पाहून आपण काय काय करितो? मुंजीचा मुहूर्त काढितो, एकादशी धरितो, श्राद्धाची तिथी नेमितो. त्याच पानावर भरती-ओहोटीचे वेळापत्रक लिहिलेले असते, हे आम्हांस आजवर कोणी सांगितले नव्हते, आणि आम्ही कोणास विचारलेही नव्हते. नाखव्याने ते बोटांवर सांगितले. तिथीचा आकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी. तितक्या वाजता आपल्या किनाऱ्यास पूर्ण भरती. तृतीया असेल तर सव्वादोन, अष्टमी असेल तर सहा, एकादशीस सव्वाआठ, पौर्णिमा-अमावास्येस सव्वाअकराच्या पुढे. मग सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि तितक्याच वेळाने पुन्हा भरती. शुद्ध असो वा वद्य, हिशेब एकच. हे गणित स्थूल आहे. तासाअर्ध्या तासाचा फरक पडतो, आणि नदीतून जितके वर जावे तितका पाणी पोहोचावयास अधिक विलंब लागतो. म्हणूनच आमच्या जागी पाणी बाराच्या पुढे थांबले. आकाशात चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिराने येतो, आणि पाण्याची ओढ मुख्यतः त्याचीच. तेव्हा तिथीची पाऊणपट हा काही चमत्कार नव्हे, तो चंद्राचाच हिशेब आहे. अमावास्या व पौर्णिमा या दिवशी सूर्य व चंद्र एका रेषेत ओढतात, म्हणून उधाण. आपल्या किनाऱ्यावर तेव्हा भरती व ओहोटी यांत चार-पाच मीटरांचाही फरक पडतो. तितके पाणी जितके चढले तितके सहा तासांत उतरणारच. अष्टमीच्या सुमारास ती दोघे काटकोनात ओढतात, म्हणून भांगाची, म्हणजे मंद भरती. नवशिक्याने पाण्यावर जावयाचे तर भांगाच्या दिवसांत.

म्हणजे मातुःश्रींचे म्हणणे खरे ठरले काय? अर्धे ठरले. अमावास्येस त्यांची मनाई होती. पौर्णिमेस त्यांनी नाही म्हटले नसते, आणि पाण्याची ओढ तर दोन्ही दिवशी सारखीच. पूर्वी कोणा जाणत्याने कारणासह सांगितलेला नियम आपल्या घरांत येईपर्यंत त्यातील कारण गळून पडले व भय तेवढे उरले. आम्ही त्या भयाला हसलो, आणि हसण्याच्या भरात आत उरलेले अर्धे कारणही फेकून दिले. जुन्या नियमास मान तुकवावी असे आमचे म्हणणे नाही. परंतु फेकण्यापूर्वी ज्याच्या पोटाचा त्याच्याशी संबंध आहे अशा एखाद्या माणसास विचारावे, एवढे आमचे म्हणणे आहे.

होडी पुलाच्या जवळून जात असता वरून एक गाडी गेली. तिच्या धडधडाटात नाखव्याने वर बोट दाखविले. पुलाच्या कडेने चार-पाच माणसे चालत होती. एका बाईच्या डोक्यावर पाटी होती, तिच्यामागे दप्तर घेतलेली मुलगी. रविवार असूनही दप्तर कशाला, असे आमच्या मनात आले. शिकवणीला निघाली असेल. गाडी जाईपर्यंत ती सारी एका कोपऱ्यात अंग चोरून उभी राहिली.

"ही वाढीवची माणसं," नाखवा म्हणाला. "तुम्ही पाण्यावर मौजेनं उभे राहता, मास्तर. आमच्या पोरी गाडी जाईस्तोवर पुलावर उभ्या राहतात."

वाढीव हे वैतरणेतील बेट. त्याच्या दोहों अंगांस रेल्वेचे दोन पूल. १८६४ साली बडोद्याकडची रेल्वे मुंबईपर्यंत आली, तेव्हापासून गाड्या या नदीवरून धावत आहेत. परंतु बेटावरील लोकांसाठी रस्त्याचा पूल झाला नाही. शाळा, बाजार, दवाखाना, नोकरी, सारे पलीकडे. होडी असेल तेव्हा होडीने, नसेल तेव्हा रेल्वेच्या पुलावरून पायी, असे कित्येक दशके चालत आले. त्यांत गाडीखाली सापडून वा नदीत पडून माणसे दगावली. पुलाची व जेटीची मागणी जुनी आहे, आणि वर्तमानपत्रांतून ती अधूनमधून वाचावयासही मिळते. आम्हीही वाचली होती. गाडीच्या खिडकीतून नदीस नमस्कार करून नाणे टाकणारे प्रवासी आम्ही पाहिले आहेत. त्याच खिडकीतून पुलाच्या कोपऱ्यात उभी असलेली माणसे मात्र आम्हांस कधी दिसली नव्हती. गाडीत बसलेल्यास ती क्षणभरच दिसतात. होडीतून वर पाहिले म्हणजे बराच वेळ दिसतात.

नाखव्यास आम्ही पैसे देऊ केले. त्याने घेतले नाहीत. "पाण्यातून काढल्याचे पैसे घेत नाहीत," एवढेच तो म्हणाला, आणि नातवाकडून आमच्या फळ्या काठावर टाकवून निघून गेला.

घरी आल्यावर मातुःश्रींपासून काही लपवावे असा भाच्याचा विचार होता, आणि आमचाही. परंतु ओले कपडे व उतरलेले चेहरे लपत नाहीत. सारे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. बराच वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, "त्या मुली रोज जातात?"

त्या रात्री आम्हांस झोप येईना. कपाटातून नाशिकच्या पांडवलेण्यांवरील एक जुने पुस्तक काढून बसलो. तेथल्या दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई; काळ सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्याने केलेल्या पुण्यकर्मांची ती यादी आहे. त्याने तीन लक्ष गाई दान दिल्या, ब्राह्मणांस भोजने घातली, शूर्पारकादि ठिकाणी धर्मशाळा बांधिल्या. आणि त्याच यादीत, त्याच मानाने, आणखी एक कर्म आहे: इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा व डाहणुका या नद्यांवर त्याने लोकांस पार होण्यासाठी नावा ठेविल्या, आणि त्यांचे उतारशुल्क घेतले जात नसे. डाहणुका म्हणजे आपल्या डहाणूची नदी. याच पालघर जिल्ह्यात, एकोणीसशे वर्षांपूर्वी, फुकट तर ठेवणे हे गोदानाच्या पंक्तीचे पुण्य होते. आपण त्या पंक्तीतील गाय तेवढी पुढे आणली. ती गाय मेलेल्यास पार नेते, म्हणून तिच्यासाठी डबा भरून ठेविला. जिवंतांस पार नेणारी नाव मागे कोठे राहिली, याची आठवणही उरली नाही. यात कोणाच्या श्रद्धेस दोष देण्याचा हेतू नाही. शिलालेखात दोन्ही कर्मे शेजारी शेजारी कोरलेली आहेत, इतकेच आमचे सांगणे.

हे आम्ही सकाळी मातुःश्रींस वाचून दाखविले. त्यांनी देवघरातून तो डबा आणविला, पैसे मोजविले आणि विचारले, "त्या अंगात घालायच्या जाकिटाला काय पडते?" लहान मुलांच्या मापाची सहा जाकिटे त्या रकमेत आली. भाच्याने ती चांगल्या प्रतीची पाहून आणली, आणि आठवड्याने, भांगाच्या दिवशी, आम्ही ती नाखव्याच्या हवाली केली. पैसे नाकारणाऱ्या त्या माणसाने ती घेतली. पुढे दोनदा आम्ही तिकडे गेलो तेव्हा पाहिले की, मुले ती जाकिटे अभिमानाने घालतात; मोठी माणसे मात्र लाजतात. सहा जाकिटांनी पूल होत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. पुलासाठी जे अर्ज-विनंत्यांचे काम करावयाचे त्यात निवृत्त शिक्षकाच्या लेखणीचा काही उपयोग असेल, तर तो आता आम्ही करीत आहोत.

ज्या वाचकांस वा त्यांच्या मुलांस हा खेळ करावयाचा असेल, त्यांनी तो अवश्य करावा. पाण्यास भिणारी पिढी वाढविणे हे शहाणपण नव्हे. परंतु आधी पोहणे शिकावे, मग फळी घ्यावी. ऋतू कार्तिक ते फाल्गुन. वेळ सकाळची, समुद्रावरचा वारा सुटण्यापूर्वीची. पावसाळ्यात धरणांतून पाणी सोडले म्हणजे नदी घटकेत बदलते. तेव्हा त्या वाटेस जाऊच नये. लाइफ जॅकेट अंगात असावे, होडीत वा फळीवर ठेविलेले नव्हे. जाताना वाऱ्याच्या व प्रवाहाच्या विरुद्ध जावे, म्हणजे थकल्यावर परतीस त्यांचे साहाय्य होते. पूल, खांब व नांगरलेल्या होड्या यांपासून दूर राहावे. आणि पाण्यात उतरण्यापूर्वी काठावरील एखाद्या नाखव्यास नमस्कार करून "आज पाणी कसे आहे?" एवढे विचारावे. तो सांगतो, आपण विचारीत नाही, म्हणूनच तो गप्प असतो.

आमच्या भाच्याने दोऱ्या बदलल्या आहेत. आता तो शनिवारी आला की थैली उघडण्यापूर्वी आजीकडे जातो. मातुःश्री पंचांग घेतात, चष्मा लावितात, तिथीवर बोट ठेवितात आणि पुटपुटत पाऊणपट करितात. परवा त्या म्हणाल्या, "उद्या सप्तमी. सव्वापाचला भरती. साडेसातला निघून काय चिखल तुडवणार? पुढच्या आठवड्यात ये." आणि पुन्हा माळ हाती घेतली.